बसून वाजवणारा

मॅडम हॉर्न वाजवत नसत. चाकणच्या रस्त्यावर रोज गाडी चालवणारं माणूस हॉर्न वाजवत नाही, हे कुणाला पटणार नाही. पण मी काही वर्षं त्यांच्या मागच्या सीटवर बसून थेरगावहून चाकणला जात-येत होते, आणि तेवढ्या काळात त्या गाडीचा हॉर्न चालू आहे की बंद, हेसुद्धा मला कळलं नाही. एकदा मोशीच्या पुढे समोरचा एक कंटेनर रिव्हर्स घेत थेट आमच्या बॉनेटपर्यंत आला. पुढच्या सीटवरून माने म्हणाला, "मॅडम, वाजवा की राव." मॅडमनी गाडी रिव्हर्सला टाकली, हातभर मागे घेतली आणि म्हणाल्या, "गाणं चाललंय ना."

आमच्या कंपनीत त्या डिस्पॅच सांभाळायच्या. तयार माल गाड्यांत भरून वेळेवर बाहेर काढायचा, हे त्यांचं काम. आम्ही तिघं त्यांच्या गाडीतले कायमचे प्रवासी. पुढे प्रॉडक्शन प्लॅनिंगमधला माने, मूळचा लातूरकडचा. मागे मी, खरेदी विभागात नव्याने लागलेली, आणि माझ्या शेजारी अकाउंट्समधले परब. परब डांगे चौकात गाडीत बसले की चिंचवड यायच्या आत झोपायचे आणि कंपनीच्या गेटवर गार्डने डिकी आपटली की उठायचे. माने याच्या उलट. तो झोपायचा नाही आणि इतरांनाही झोपू द्यायचा नाही. क्रिकेट, प्लॉटचे भाव, त्याच्या सोसायटीतलं पाणी, कुणाचं कुठं चाललंय, सगळं त्याच्याकडे असायचं.

गाणं म्हणजे अमेरिकेतलं जुनं कंट्री रॉक. लांब केस वाढवलेल्या पोरांनी कधीकाळी केलेली गाणी. ड्रम, गिटारी, दोघा-तिघांनी मिळून म्हटलेली कडवी. मॅडमना त्या गाणाऱ्यांशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव होता तो त्यात पेडल स्टील वाजवणाऱ्या एका माणसावर.

पेडल स्टील हे गिटार म्हणून ओळखूच येणार नाही असं वाद्य आहे. इस्त्रीच्या टेबलासारखं ते पायांवर उभं असतं आणि वाजवणारा त्याच्यापुढे खुर्ची घेऊन बसतो. उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, एका पायाने पेडल दाबून तारा ताणायच्या, गुडघ्यांनी आणखी काही दांडे ढकलायचे आणि दुसऱ्या पायाने आवाज लहान-मोठा करायचा. एवढा सगळा देह कामाला लावून जो सूर निघतो, तो ऐकताना मात्र वाटतं की कुणी काही करतच नाहीये. हे सगळं मला मॅडमनीच सांगितलं. त्यांनी ते वाद्य कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

गाण्यात स्टील यायची वेळ झाली की गिअरच्या मुठीवर ठेवलेल्या त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट वर व्हायचं. ते वर झालं की गाडीत बोलायचं नाही. फोन आला तर कापायचा. मानेची प्लॉटची गोष्ट ऐन व्यवहारात आलेली असली तरी तिथंच थांबायची. बोट खाली आलं की पुढे चालू. पहिले काही आठवडे मला हे हास्यास्पद वाटलं. नंतर बोट वर जायच्या आधीच मी गप्प व्हायला लागले, आणि हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला थोडी भीती वाटली.

त्यांनी त्या माणसाचं नाव कधी घेतलं नाही. "तो" एवढंच. "थांब, तो येतोय." "इथं त्यानं काय केलं ऐकलंस?" नाव विचारलं तर म्हणायच्या, "नाव घेतलं की लोक नावाचंच बोलत बसतात." म्हणून मीही ते इथं लिहीत नाही.

मानेला ते वाद्य अजिबात आवडायचं नाही. एकदा तो वैतागून म्हणाला, "कोण मेलंय का मॅडम? सकाळी सकाळी एवढं रडूलालंय ते."

मॅडम रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "रडत नाहीये तो. रडणाऱ्याच्या शेजारी बसलाय."

"म्हणजे तेच की."

"नाही माने. तेच नाही."

हे वेड त्यांना देहूरोडला लागलं. वडील तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. क्वार्टर्सच्या पलीकडच्या गल्लीत फौजी कुटुंबं राहायची, त्यात एक मिझो हवालदार होता. त्याची बायको दुपारी ओट्यावर कपडे धुवायला बसली की खिडकीत टेपरेकॉर्डर लावायची. मॅडम तेव्हा शाळेत होत्या. ती बाई मराठी बोलायची नाही, ह्यांना तिची भाषा येत नव्हती, हिंदी दोघींचीही मोडकी. पण ह्या दप्तर टाकून तिच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. बाई कपडे पिळायची, ह्या दुसरं टोक धरायच्या, आणि खिडकीतून ते ऐकू यायचं. पुढे हवालदाराची बदली झाली तेव्हा बाईने जाताना एक कॅसेट ह्यांच्या हातात ठेवली. ती कॅसेट केव्हाच गेली. पण गाणी मॅडमनी पुढे शोधून काढली, सीडीवर घेतली, मग पेनड्राइव्हवर. मोजकीच होती. तीच परत परत.

"इंग्रजी शब्द कळतात का हो तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"नाही. गरज पडली नाही."

त्यांचं ऐकणंही विचित्र होतं. एका गाण्यात त्या माणसाला लांबलचक एकट्याने वाजवायला दिलं होतं. इतर कुणी असता तर तोच भाग दहादा लावला असता. मॅडम तो भाग पुढे ढकलायच्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "इथं त्याला पुढं केलंय. त्याला आवडलेलं नाही ते. ऐक, अवघडलाय." मी ऐकलं. मला अवघडलेपण काही ऐकू आलं नाही. पण त्या इतक्या सहज बोलल्या, जणू घरातल्या कुणाबद्दल सांगतायत.

त्यांच्या मते त्याची खरी जागा होती गाणाऱ्याची ओळ संपते तिथं. गाणारा श्वास घेतो, त्या फटीत तो येतो, दोन सूर ठेवतो आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत निघून जातो. आणि येताना त्याचा आवाज होत नाही. हे त्यांनी मला मोशीच्या सिग्नलला समजावलं होतं. तार छेडली की टण्ण असा आवाज येतोच, कुठलंही वाद्य घ्या. पण हा माणूस आवाज पायाने बंद ठेवून तार छेडतो आणि मग पायानेच तो हळूहळू सोडतो. म्हणून त्याचा सूर सुरू झाल्याचं कळतच नाही. "दार वाजवून आत येणारा माणूस वेगळा," त्या म्हणाल्या, "आणि आपण मान वर करून बघावं तर खोलीत आधीपासून बसलेला माणूस वेगळा." मागून हॉर्न वाजायला लागले होते. त्यांनी गाडी उचलली, आणि ती कधी सुटली ते मला कळलं नाही.

मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. रविवारी प्राधिकरणाच्या वसाहतीतल्या रुंद रस्त्यांवर. आधी स्वतःच "शिकायची का?" म्हणाल्या. इतर शिकवणारे क्लच, गिअर, आरसे सांगतात. मॅडमनी पहिला पूर्ण तास फक्त क्लच सोडायला लावला. गाडी सुरू करायची, फूटभर न्यायची, थांबवायची, परत. त्या डोळे मिटून शेजारी बसायच्या. गाडीने आचका दिला की म्हणायच्या, "कळलं मला." पुन्हा. "कळलं." पुन्हा. उन्हं चढली, माझ्या पोटरीत गोळे आले. शेवटी एकदा त्यांनी डोळे उघडले तेव्हा गाडी आचका न देता समोरच्या झाडाच्या पुढे गेलेली होती. पुढच्या रविवारी त्यांनी मला थेट हायवेला काढलं.

त्या फार गोड बाई होत्या असं वाटून घेऊ नका. कंपनीत त्यांना लोक टरकून असायचे. ट्रान्सपोर्टवाला फोनवर सांगायचा, मॅडम, आज गाडी मिळत नाही. मॅडम फोन कानाला लावून गप्प बसायच्या. नुसत्या गप्प. पलीकडचा "हॅलो, हॅलो मॅडम" करायचा, कारणं सांगायचा, अजून कारणं सांगायचा आणि शेवटी स्वतःच म्हणायचा, "बघतो, चारपर्यंत पाठवतो." मग ह्या "बरं" म्हणून ठेवायच्या. आरडाओरडा करणारे साहेब आम्हाला परवडायचे.

आणि कधी कधी त्या नको तेवढं खरं बोलायच्या. त्यांचा भाचा इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. कॉलेजच्या पोरांचा बँड होता, रावेतच्या कुठल्याशा हॉटेलात कार्यक्रम व्हायचे. एकदा फार आग्रह झाला म्हणून ह्या गेल्या. भाच्याने घरी येऊन विचारलं, मावशी, कसं वाटलं? ह्या म्हणाल्या, "तू कुणाला जागाच सोडत नाहीस रे." मुलगा कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलला नाही. बहीणही रागावली. हे मला त्यांनीच सांगितलं. "चुकीचं बोलले नाही मी," असं म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "पण विचारल्या विचारल्या बोलायला नको होतं."

स्वतः वाजवून पाहायचा प्रयत्न त्यांनी एकदाच केला होता. पूर्वी आपल्याकडे ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार असायची, आडवी ठेवून वाजवायची, तसली एक जुनी त्यांनी कुणाकडून तरी आणली. काही दिवस खोलीचं दार लावून बसल्या. मग ज्याची त्याला परत करून आल्या. "माझ्या हातात नाहीये ते," एवढंच म्हणाल्या. त्याबद्दल त्यांना वाईट वाटल्याचं मला कधी दिसलं नाही. त्यांना ऐकण्यातच पुरेसं काम होतं.

मानेच्या भावाचं झालं ती सकाळ नेहमीसारखीच होती. मोशी सोडली होती, इंद्रायणीच्या पुलाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. माने कसल्याशा लग्नातल्या जेवणाबद्दल सांगत होता. त्याला फोन आला. गावचा फोन आला की त्याची बोली बदलायची, तशी बदलली. "हां, बोल की. काय? काय बोलूलालास?" मग "कवा?" एवढंच. फोन मांडीवर ठेवला आणि समोर बघत म्हणाला, "दादा गेला."

मॅडमनी गाणं बंद केलं. एरवी त्या गाणं मध्येच तोडत नसत.

मानेचा थोरला भाऊ गावात शिलाईचं दुकान चालवायचा. सकाळी दुकान उघडायला गेला आणि शटर अर्धं वर करून तिथंच बसला. हार्ट अटॅक. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा गाडीत कुणीच काही विचारलं नाही. गाड्या मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होत्या. चिंबळी फाट्याला दुभाजकात फट आली आणि मॅडमनी गाडी वळवली. परब जागे झाले. "आलं का?" म्हणाले. मी त्यांना हळू आवाजात सांगितलं.

"तुला गावी सोडते," मॅडम मानेला म्हणाल्या.

"नको मॅडम. स्वारगेटहून एसटी मिळेल."

"सोडते."

त्यांनी एक फोन केला, डिस्पॅचमधल्या त्यांच्या हाताखालच्या पोराला. आज मी नाही, दुपारची गाडी आधी काढ, बाकी तू बघ. परबांचं महिनाअखेरचं काम होतं, ते भोसरीला उतरले. उतरताना त्यांनी आपला डबा मानेच्या पायाशी ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले, मागचा रिक्षावाला ओरडेपर्यंत. मी उतरले नाही. का ते सांगता येणार नाही. मॅडमनी एकटीनं एवढं लांब गाडी चालवू नये, असं काहीतरी मनात आलं असावं.

सोलापूर रस्त्याला लागलो. माने इंदापूरपर्यंत एक शब्द बोलला नाही. इतकी वर्षं त्याची बडबड नकोशी व्हायची, आणि आता ती नव्हती तर गाडीत बसवेना. मग एकाएकी बोलायला लागला. दादाने दहावीनंतर शाळा सोडली पण ह्याला डिप्लोमाला घातलं. ह्याचा पहिला पॅन्ट-शर्ट दादाने शिवला, इंटरव्ह्यूसाठी, बाही जरा लांब झाली होती. दिवाळीत दादा म्हणाला होता, पुण्याला येतो, तुझी कंपनी बघतो. मग परत पहिल्यापासून. दादाने शाळा सोडली, ह्याला डिप्लोमाला घातलं.

मॅडम फक्त "हं" म्हणत होत्या. त्याचं वाक्य संपलं की एक "हं". वाक्य अर्धं राहिलं तर तेही नाही. मला वाटलं आपणही काही बोलावं. मी पुढे झुकून म्हटलं, "त्यांना त्रास तरी झाला नसेल, माने..." गिअरवरचं बोट वर झालं. मी मागे टेकून बसले.

बार्शी गेल्यावर तो पुन्हा गप्प झाला. दोन्हीकडे तुरीची शेतं, रस्ता मोकळा. थोड्या वेळाने म्हणाला, "मॅडम, लावा तुमचं ते."

"नको रे आता."

"लावा. हे गप गप ऐकवंना."

त्यांनी लावलं, अगदी बारीक आवाजात. गाणारा ओळ म्हणाला, ओळ संपली, आणि तो आला. मानेने चेहरा खिडकीकडे केला. त्याचे खांदे हलत होते. मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. गाणी एकामागून एक वाजत होती. त्या दिवशी मॅडमनी ते लांब एकट्याने वाजवलेलंसुद्धा पुढे ढकललं नाही.

बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "हा बसूनच वाजवतो ना?"

"हो. खुर्चीवर."

"बरं आहे," माने म्हणाला.

गाव लातूरच्या पुढे औशाच्या बाजूला. पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि सगळं त्याच्यासाठी थांबवून ठेवलं होतं. माणसं त्याला घेऊन गेली. मी गाडीपाशी अवघडून उभी होते. ओळख ना पाळख, आत जाऊन काय म्हणायचं? मॅडम चपला काढून सरळ बायकांत गेल्या आणि भिंतीशी मानेच्या वहिनीच्या बाजूला जाऊन बसल्या. आपण कोण, कुठून आलो, काही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. मी दारातून पाहत होते. बऱ्याच वेळाने त्या बाईने न बघताच हात पुढे केला आणि मॅडमचा हात धरला. रात्री आम्ही तिथून उठेपर्यंत तो सोडलेला मी पाहिला नाही. मुक्काम शेजारच्या घरात झाला. त्या घरची म्हातारी सकाळी चहा देताना मला विचारत होती, "त्या पुण्याच्या मावशी का?" मी हो म्हटलं.

दिवस करून माने परत आला. पुढच्या सीटवर बसला. काही दिवस कमी बोलला, मग पूर्वीसारखाच बोलायला लागला. फक्त बोट वर गेलं की आता तो सगळ्यात आधी थांबायचा.

मग एका सकाळी त्याला त्या माणसाचा चेहरा बघावासा वाटला. मॅडमकडून नाव काढून घेतलं, कसं ते माहीत नाही, आणि फोनवर शोधलं. "हे बघा मॅडम, सापडला." सिग्नलला गाडी थांबली होती. फोटोत एक काटकुळा माणूस मान खाली घालून त्या टेबलासारख्या वाद्यापुढे बसला होता. मॅडमनी पाहिला, "बरं," म्हणाल्या आणि समोर बघायला लागल्या. त्यांनी इतक्या वर्षांत त्याला कधी शोधलं नव्हतं. शोधावंसं वाटलंच नव्हतं. माने पुढे वाचत होता, ओठ हलवत. मध्येच थांबला. आरशातून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फोन सीटच्या फटीतून मागे दिला.

तो माणूस वारला होता. फार पूर्वी.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये आमचं ह्यावर बोलणं झालं. माझं म्हणणं, सांगायचं कशाला? त्या ऐकतायत ते काही बदलणार नाही. इतकी वर्षं बदललं नाही. त्यांच्या लेखी तो रोज सकाळी येतो आणि जातो, तेवढं राहू द्यावं. माने ताटात बोट फिरवत बसला होता. मग म्हणाला, "नाही ताई. मला कुणी फोनच केला नसता तर? दादा गेला आन् मी इथं लग्नातलं जेवण सांगत बसलो असतो. माणसाला कळाया पाहिजे."

तरी सांगायला त्याला बरेच दिवस लागले. एका संध्याकाळी परत येताना, पुलावर गाड्या थांबल्या असताना, त्याने स्वतःच आवाज बारीक केला. मॅडमच्या गाडीत त्या बटणाला आमच्यापैकी कुणी हात लावत नसे.

"मॅडम, तुमचा तो माणूस गेलाय."

"कधी?"

"लई वर्षं झाली."

"कशानं?"

"आजारी होता म्हणे. वयही झालं होतं."

"हं," मॅडम म्हणाल्या.

पुढची गाडी सरकली, आमचीही सरकली. परबांना त्यांनी डांगे चौकात सोडलं, मला माझ्या गल्लीच्या तोंडाशी. नेहमीप्रमाणे "उद्या वेळेवर" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "आज गाडी नाही. बसने जा तिघं." कंपनीत कळलं की त्यांनी रजा टाकली आहे. एचआरच्या मुलीने फोनवर कारण विचारलं तर म्हणाल्या, घरात वाईट घडलंय. ती मुलगी आमच्याकडे आली. नात्यातलं कोण गेलं, कंपनीतर्फे कुणी जायला हवं का? माने तिला म्हणाला, "आम्ही जाऊन येतो."

सुटल्यावर बसने आलो. मानेने सकाळीच पांढरा शर्ट घातला होता. परबांना मी बसमध्ये सगळं सांगितलं. आमच्या गाडीत कोण वाजतं, हेच मुळात त्यांना धड माहीत नव्हतं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जायला हवं."

मॅडमचं सासर थेरगावातलं जुनं घर. पुढे भाडेकरूंच्या खोल्या झाल्या, मागे घरच्यांचं तेवढं राहिलं. सासूबाई दारात खुर्चीवर बसल्या होत्या. ऐकायला कमी यायचं त्यांना. आत मॅडम सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडलेल्या दिसत नव्हत्या. गाणं लावलेलं नव्हतं. आम्ही गेल्यावर त्यांनी मान हलवली, आम्ही बसलो. परब मांडी घालून, मी त्यांच्या शेजारी, माने जरा मॅडमच्या जवळ. रस्त्यावरून भाजीवाल्याचा आवाज येत होता. माने हात मांडीवर ठेवून असा बसला होता की मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता.

बऱ्याच वेळाने सासूबाई काठी टेकत आत आल्या आणि आमच्या समोर बसल्या. सुनेकडे पाहून म्हणाल्या, "सकाळधरनं इचारतीया. कोन गेलं म्हनायचं?"

मॅडम जरा मोठ्याने म्हणाल्या, "आमच्या गाडीतला एक, आई."

म्हातारीने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "हे तर समदे हायेत की."

"अजून एक होता."

"व्हय?" त्यांनी पदर नीट केला. "तरना व्हता का?"

"नाही. वय झालं होतं."

"मानूस कसा व्हता?"

मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. माने पुढे सरकला, म्हातारीच्या कानाशी वाकला.

"चांगला होता, आजी," तो म्हणाला. "दुसऱ्याचं बोलून झालं की मगच बोलायचा."